बकुळाबाईंची मागची खोली

बकुळाबाईंनी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं, आणि तेवढं एकच नलूच्या मनातून जात नव्हतं.

एरवी बकुळाबाई भेटल्या की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असत. पहिला, "जेवलंस काय गो?" उत्तर काहीही आलं तरी पुढ्यात ताटली यायचीच. आणि दुसरा, "आता कोण पोटुशी आसा?" हा प्रश्न नायगावच्या आश्रमातून लग्न होऊन गेलेल्या मुलींबद्दल असे. आईबाप नसलेल्या त्या मुलींपैकी कुणाला दिवस गेलेत, कितवा महिना चाललाय, तिला लालबागला कधी आणायचं, हे सगळं बाईंना आधीपासून ठाऊक लागे. गेली वीसेक वर्षं या मुलींची पहिली बाळंतपणं बकुळाबाईंच्याच घरी होत आली होती. नलूचंही तिथेच झालं होतं. आणि आता वर्ष उलटून गेलं तरी तो दुसरा प्रश्न आला नव्हता. बाई ताटली पुढे करायच्या, खोकायच्या, दुकानातल्या गमती सांगायच्या. त्या एका विषयाला मात्र हात लावायच्या नाहीत.

खरं तर नलूला हायसं वाटायला हवं होतं. त्यांनी विचारलं असतं, तर तिला खोटं बोलावं लागलं असतं.

काळजी करणं नलूच्या अंगातच होतं. गिरगावात मुलींच्या शाळेत ती शिकवत होती, बी.ए. झाली होती, घरी नवरा मनमोहन, सासूबाई राजलक्ष्मी आणि दोन मुलं होती, आणि प्रत्येकाच्या वाट्याची काळजी ती वेगवेगळी करू शकत असे. धाकट्या रमाकांतला बाळदमा होता, त्यामुळे त्याची काळजी उशाशीच असायची. त्यात गेली दीड-दोन वर्षं मुंबईत रोज काहीतरी चालूच होतं. हरताळ, मोर्चे, सभा. शाळा कधी भरेल आणि कधी सोडावी लागेल याचा नेम नाही. मनमोहन फोर्टातून परत येईपर्यंत गॅलरीत उभं राहायचं. निवडणुका होऊन गेल्या, संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसं निवडून आली, पेढे वाटून झाले, आणि तरी मुंबई कुणाची ते ठरलं नव्हतंच. माणसं घोषणा देऊन देऊन दमली होती आणि तरी देत होती. पण या काळज्या दिवसाबरोबर येत आणि दिवसाबरोबर जात. बकुळाबाईंची काळजी तशी नव्हती. भांडी घासताना, वह्या तपासताना, मुलांची डोकी पुसताना ती आपली मागे उभीच असायची.

बकुळाबाई मूळच्या मालवणकडच्या. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्या. नवरा सीताराम गिरणीत साच्यावर कापड विणायला होता. चाळीच्या जिन्याखाली एक उखळ होतं आणि उन्हाळ्यात बायका आपापला वर्षाचा मसाला तिथे कांडून घेत. ज्यांना मुसळ उचलवत नसे, त्यांचा बकुळा कांडून देई. सीताराम तापाने गेला तेव्हा मुलगा दौलत रांगत होता. दीर न्यायला आले, गावी चल म्हणाले. ती गेली नाही. मिरगाआधी एवढ्या बायकांचे मसाले व्हायचे आहेत, मग बघू, असं तिने सांगितलं, आणि ते 'मग' कधी आलं नाही. एका उखळाची दोन झाली, मग रस्त्याकडेचा गाळा घेतला, मग विजेवर उचलली जाणारी लोखंडी मुसळं आली. त्या यंत्राला सगळे डंख म्हणत. चैत्र-वैशाखात गाळ्यापुढे बायकांची रांग लागे. आपल्या मिरच्यांत दुसरीच्या मिरच्या मिसळू नयेत म्हणून प्रत्येकजण आपला मसाला कांडून होईपर्यंत डंखासमोर स्टुलावर ठाण मांडून बसे, नाकातोंडाला पदर लावून, शिंका देत आणि शिंकांच्या मधल्या वेळात सुनांबद्दल बोलत.

आश्रमाला वर्षाचा मसाला बकुळाबाई फुकट देत असत, तो स्वतः हातगाडीवरून नेऊन. त्यात त्यांना काही विशेष वाटत नसे. कुणी कौतुक केलं तर म्हणत, एवढं कांडतो तर डब्याच्या कडेला लागलेला तरी निघतोच की.

असाच एका वैशाखात मसाला द्यायला गेल्या, तर आश्रमाच्या पायरीवर यमू नावाची मुलगी बसलेली. शेजारी पत्र्याची ट्रंक. वर्षापूर्वी याच पायरीवरून तिची पाठवणी झाली होती. आता सातवा लागला होता आणि सासूने ट्रंक हातात देऊन तिला धाडून दिलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत कुणाला चुकली आहे? सासूचं काही चुकलं नव्हतं. सुनेचं माहेर म्हणजे आश्रम, एवढंच तिला ठाऊक. पण लग्न होऊन गेलेल्या मुलीला परत ठेवून घ्यायचं नाही, हा आश्रमाचा नियम होता. व्यवस्थापिका मीराबाई तेव्हा नव्या होत्या. नियम मोडावा की मुलीचं मन, या पेचात त्या आत कचेरीत बसून राहिल्या होत्या, आणि यमू बाहेर.

बकुळाबाईंनी मसाल्याचे डबे स्वयंपाकघरात उतरवले. रिकाम्या गाडीवर यमूची ट्रंक ठेवली. चल म्हणाल्या. नायगावहून लालबागेपर्यंत गाडीशेजारून चालताना त्यांनी तिला एवढंच विचारलं, की काय खावंसं वाटतं. यमू म्हणाली, कैरी.

एवढीच सुरुवात. पुढे लोकांनी तिला नाना कारणं चिकटवली. बाईंचं पहिलं मूल गेलं असेल, देवीला काही बोलल्या असतील, कुणाचे तरी शाप असतील. बाईंना विचारलं की त्या म्हणत, "गाडी रिकामी जायत होती, म्हणान."

यमूनंतर दुसरी आली, मग तिसरी. मुली त्यांना आई म्हणायला लागल्या तर त्यांनी म्हणू दिलं नाही. तुमची आई होती ती होती, कुणी का असेना, मला मावशी म्हणा, असं सांगितलं. गाळ्यामागे एक खोली होती, अंगणाकडे खिडकी असलेली, ती या मुलींसाठी रिकामी झाली. पण मिरच्यांचं घर ते. तान्ह्या बाळाच्या नाकात तिखट गेलं तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा. म्हणून बकुळाबाईंनी एक नियम केला. मागच्या खोलीत बाळंतीण असली की डंख बंद. सव्वा महिना नुसता तयार मसाला विकायचा, कांडायचं काही नाही. मधल्या दाराला ओलं गोणपाट. ऐन हंगामात वर्षाच्या गिऱ्हाइकांना हात जोडून दुसरीकडे पाठवायचं. गिऱ्हाइकं चिडत, भांडत, आणि पुढच्या वर्षी परत येत. दौलत मोठा झाला, धंद्याला बसला, तसा त्याचा जीव तीळतीळ तुटायला लागला. "आये," तो म्हणे, "दारार बोर्ड लाव. परबांचा प्रसूतिगृह, मसाले मिळतील." बाई हसत आणि आळीव भिजत घालायला उठत.

सातव्या महिन्यात मुलीला आणायच्या, तिची ओटी भरायच्या, हिरवी साडी नेसवून चाळीतल्या बायकांना जेवू घालायच्या. करी रोडच्या राधाबाई सुईण ठरलेल्या होत्या. मग शेक, शेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू. बारसं व्हायचं. आणि बाळ दोन महिन्यांचं झालं की कुंची-झबल्यांनी सजवून, मुलीला घेऊन बाई स्वतः तिच्या सासरी जायच्या. तिथे मात्र त्या वेगळ्याच होत. एरवी कुणाकडे पाणीही न मागणारी बाई तिथे विहिणीच्या रुबाबात पाटावर बसून राही, आणि मानाचं लुगडं आणि खण मिळाल्याशिवाय उठत नसे. ते लुगडं घरी येऊन पुढच्या बाळाच्या दुपट्यांत जायचं, हा भाग वेगळा. नलूला गिरगावात पोचवायला आल्या तेव्हाही त्यांनी राजलक्ष्मीबाईंसमोर असंच ठाण मांडलं होतं. परतताना जिन्यात नलूने लाजून विचारलं, की मावशी, कशाला हो एवढं. तेव्हा त्या म्हणाल्या, "मान मी नाय घेतलंय, तर पोरीक कोण इचारतलो?"

नलूला ते तेव्हा कळलं नाही. पुढे सासरच्या घरात कुणी तिला बिनमाहेरची म्हटलं नाही, तेव्हा हळूहळू कळत गेलं.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत बेबी नावाची मुलगी मागच्या खोलीत होती. दिवस भरत आले होते. मुंबई वेगळी करणार ही बातमी आली आणि लालबाग पेटलं. दगड, अश्रुधूर, गोळीबार, मग संचारबंदी. बेबीला कळा लागल्या त्या दुपारी करी रोडहून राधाबाई येऊ शकल्या नाहीत. दौलत गल्लीच्या तोंडाशी दोनदा जाऊन परत फिरला. बकुळाबाईंनी स्वतःच्या हातांनी बाळंतपण केलं. बाळ गळ्याभोवती नाळ घेऊनच आलं. थोडा वेळ श्वास घेतला, आणि संध्याकाळच्या आत गेलं.

बाईंनी बेबीला तशीच सव्वा महिना ठेवून घेतली. अंगाला तेल लावलं, शेक दिला, पोटाला पट्टा बांधला, लाडू खायला घातले. कडेवर बाळ नसलेल्या बाळंतिणीचं सगळं केलं. चाळीत कुजबुज झाली. मिरच्यांच्या घरात बाळंतपण काय करायचं, कुणीतरी म्हणालंच. कुणी म्हणालं, अश्रुधुराने गेलं. बेबी काही बोलली नाही. तिची सासूही नाही. पोचवायला गेल्या तेव्हा बाई पाटावर बसल्या नाहीत, दारातूनच परत आल्या.

त्यानंतर त्यांचा खोकला वाढला. नलूने ओळखीच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आयुष्यभराचं तिखट छातीत बसलंय, आता दगदग नको, धूळ तर अजिबात नको. साठीच्या बाईने रात्र रात्र बाळंतिणीच्या उशाशी बसायचं, घंगाळभर पाणी तापवायचं, हे थांबायलाच हवं होतं. पण त्यांना थांबा म्हणून कोण सांगणार, आणि त्या कुणाचं ऐकणार? नलू नायगावला गेली. मीराबाईंचेही केस आता पांढरे झाले होते. दोघींनी मिळून ठरवलं, की यापुढे लालबागला मुलगी पाठवायची नाही, आणि बाईंना काही सांगायचंही नाही. मुलींचं नाव म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात घालायचं, पुढचे दहा-बारा दिवस आश्रमातल्या आजाऱ्यांच्या खोलीत काढायचे, तेवढी मुभा मीराबाई आता मिळवू शकत होत्या. मुलींनाही बजावून ठेवलं, मावशी दिसल्या तर काही कळू द्यायचं नाही. दोघींना बरं वाटलं. म्हातारीला विश्रांती मिळेल.

आणि म्हातारीने विचारलंच नाही.

एप्रिलातल्या एका रविवारी नलू नेहमीसारखी मिरच्या, धणे, खोबरं पिशव्यांत भरून ट्रामने लालबागला गेली. रमाकांतला घरीच ठेवला होता. रस्त्यावर निवडणुकीची अर्धी फाटलेली पोस्टरं अजून लोंबत होती. गाळ्यात डंख धडधडत होता, दौलत मिरच्या ढकलत होता, आणि बकुळाबाई धुळीच्या लोटात, अगदी यंत्राला लागून, स्टुलावर बसल्या होत्या. वाळल्या होत्या. जेवलंस काय विचारलं, कुणाला तरी ताटली आणायला पिटाळलं, आणि मग खोकल्याची उबळ आली ती नलूला पाठ फिरवून उभं राहावंसं वाटेपर्यंत टिकली.

हात धुवायला म्हणून नलू मागे गेली आणि सवयीने खोलीचं दार ढकललं. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. जमिनीपासून वर आढ्यापर्यंत मिरच्यांच्या गोण्या. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली, तिच्यावरही गोण्या रेललेल्या. खिडकी बुजून गेली होती. नलूला शिंकेवर शिंक आली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मागे बकुळाबाई येऊन उभ्या होत्या.

त्या म्हणाल्या, जागा रिकामी कशाला ठेवायची. दौलतला माल ठेवायला अडचण होत होती. मग स्वतःच सांगायला लागल्या, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी मिरच्यांचा भाव सांगावा. होळीच्या आधी त्या आश्रमात नवा मसाला घेऊन गेल्या होत्या. फाटकात शेवंता दिसली. शेवंता म्हणजे गेल्या वर्षी शीवला, बसवर काम करणाऱ्या मुलाला दिलेली. अंग भरलेलं दिसत होतं. बाईंनी हाक मारली. तर तिने घाईघाईने पदर ओढून पोट झाकलं आणि त्यांच्याकडे पाठ करून आत निघून गेली.

"माझ्या घराक पाय लावूक भियतत पोरी," बाई म्हणाल्या. "बरोबर आसा त्यांचा. पोर गेला ना ह्या घरात. माझ्याच हातांत गेला."

शेवंताने पोट झाकलं ते तिला तसं सांगितलं होतं म्हणून. नजर लागेल म्हणून नव्हे, बिचारी गुपित राखत होती. आणि या बाईने वर्षभर स्वतःला पांढऱ्या पायाची ठरवून, खोलीचं गोदाम करून टाकलं होतं.

तिने सगळं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले, मीराबाईंशी काय ठरलं, मुलींना काय बजावलं होतं. तिनेच हे घडवून आणलं होतं, त्यांच्या छातीच्या काळजीने. एका श्वासात सांगितलं, वर्गात मुलींना समजावून सांगावं तसं पायरीपायरीने सांगितलं.

बकुळाबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी नलूच्या गालावरचं पाणी पदराने पुसलं. पदराला मिरची होती, ती आणखीच झोंबली.

"तू शिकलेली," त्या म्हणाल्या. "तुका बरा बोलूक येता."

"मावशी, खरं सांगतेय मी."

"असांदे गो. माका राग नाय. पोटातल्या पोराची काळजी आवशीक आसतलीच." आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

नलूने पुन्हा दोनदा प्रयत्न केला. पण चांगल्या मनाची मुलगी आपलं मन राखायला रचून सांगतेय, हे बाईंनी एकदा धरलं ते धरलं. जितकं जास्त सांगावं तितकं ते रचलेलं वाटणार होतं. मसाला तयार झाला, गरम डबा फडक्यात बांधून दौलत तिला ट्रामच्या थांब्यापर्यंत पोचवायला आला. हा माणूस लहानपणापासून आईच्या या उद्योगावर कुरकुरत आलेला. आपल्या वाट्याचं दूध-तूप परक्या पोरींनी खाल्लं, असं तो एकेकाळी नलूच्या तोंडावर बोलला होता.

"गोण्या मी नाही भरल्या, ताई," तो म्हणाला. "तिनेच ओढल्या एकेक करून. मी म्हटलं, राहू दे खोली. तर म्हणाली, कुणासाठी?"

नलू म्हणाली, डॉक्टरांनी धुळीत बसायचं नाही सांगितलंय, आणि तुम्ही त्यांना डंखाशी बसू देता.

दौलत थांबला. "तुम्ही लोकांनी काय केलंत सांगू? पोर घरात असली की डंख बंद असायचा. सव्वा महिना धूळ नाही. बारसं, पाहुणे धरले तर दोन महिने. म्हातारी मागे, खिडकीशी, बाळाला घेऊन. वर्षाला तीन पोरी आल्या म्हणजे अर्धं वर्ष तिला तिखट लागायचं नाही. आता कोण नाही, तर डंख रोज चालतो, आणि ती दिवसभर त्याच्यासमोर. मागे जाऊन बसेल कुठे?" मग म्हणाला, "गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या मी डंख बंद असतो म्हणून. आता चालू असतो तर मलाच सोसत नाही."

ट्राम आली. नलूने चढताना मागे पाहिलं नाही.

परळकडून येणारा एक लहानसा मोर्चा ट्रामला आडवा गेला. झेंडे, चार-दोन जुने कार्यकर्ते, घसे बसलेले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, हे शब्द इतक्यांदा ऐकलेले, की आता नुसता त्यांचा ठेका कानांत शिरत होता. ट्राम थांबून राहिली. मांडीवरच्या डब्याची ऊब साडीतून लागत होती. नलूला वाटलं, उतरावं आणि परत जावं, आणि जाऊन काय करावं ते सुचत नव्हतं.

शब्दांनी हे सुटणार नव्हतं, एवढं तिला कळलं होतं. पोटुशी मुलगीच त्या दारात जाऊन उभी राहायला हवी होती. आणि शेवंताला नववा लागत होता.

पण काळजी करणाऱ्या बाईचं मन सरळ कुठे चालतं? परत काही झालं तर? शेवंताच्या बाळाचं काही बरंवाईट झालं, तर बकुळाबाई त्यातून उठणार नाहीत, आणि ते आपल्यामुळे झालं असं नलूला मरेपर्यंत वाटत राहील. शेवंताची सासू ऐकेल का? राधाबाईंचेही हात आता थरथरतात. खोली रिकामी करून, धुऊन, भिंतींना चुना दिला तरी मिरचीचा वास जाईल का? आणि रात्रीची जागरणं, पाणी, शेगडी, ते कोण करणार? बाईंनी केलं तर छाती साथ देणार नाही. म्हणजे कुणीतरी तिथे जाऊन राहायला हवं. मे महिन्यात शाळेला सुट्टी होती. जाऊन राहण्यासारखं कोण आहे, हे विचारायची गरजच नव्हती. पण रमाकांतला त्या घरात नेता येणार नव्हतं, आणि रमाकांतला सोडून ती आजवर एक रात्रही कुठे राहिली नव्हती.

घरी आल्यावर तिने राजलक्ष्मीबाईंना सांगितलं. त्या गॅलरीत गहू निवडत होत्या. चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघत सगळं ऐकलं. मनमोहन सभेला गेला होता, त्याचं मत नंतर समजलं असतं, आणि तसं ते दोघींनाही ठाऊक होतंच.

"म्हणजे मी सांभाळायचं पोराला," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

नलूने मान हलवली.

"रात्री त्याला घरघर लागली की काय करतेस तू?"

नलूने सांगितलं. पाठीला उशी देऊन बसवायचं, छातीला कोमट तेल लावायचं, खिडकी उघडायची पण वाऱ्यात ठेवायचं नाही, आणि आपण घाबरलोय हे त्याला दिसू द्यायचं नाही. हे शेवटचं आपल्याला कधी जमत नाही, हेही तिने सांगितलं.

"मला जमेल," सासूबाई म्हणाल्या. "माझी झोप तशीही गेलेलीच आहे. पण शाळा उघडायच्या आधी परत ये. गुडघे माझे आहेत, उसने आणलेले नाहीत." आणि त्या पुन्हा गहू निवडायला लागल्या. थोड्या वेळाने, मान वर न करता त्यांनी विचारलं, की त्या शेवंताचं नाव प्रसूतिगृहात घातलेलं आहे ना. नलू म्हणाली, आहे. ते तसंच राहू दे, त्या म्हणाल्या, राहायला लालबागला राहू दे आणि वेळ आली की प्रसूतिगृहात न्या. खाट कुठली का असेना, नंतरचं सगळं माहेरीच असतं.

नलूला हे सुचलंच नव्हतं. दोनच वाटा आहेत, असं धरून ती दिवसभर दोन्हींवर रडत होती.

तिने मुलांना खायला दिलं. मसाल्याचा डबा उघडून बरणीत भरला, वर हिंगाचे खडे ठेवले, झाकणाला फडकं बांधलं. हे सगळं तिने नेहमीपेक्षा सावकाश केलं. मीराबाईंना काय सांगायचं, ते ती मनात जुळवत होती. आपण दोघींनी चूक केली, हे आधी सांगायचं. मग शेवंताला उद्या निरोप पाठवायला सांगायचं. तिला कुणी लालबागला आणून सोडायचं नाही. तिने स्वतः गाळ्यात जायचं, भर दुपारी, गिऱ्हाइकं बसलेली असताना, पदर नीट मागे टाकून. आणि म्हणायचं, मावशी, मला डंखाचा त्रास होतोय, आता बंद करा. बाकी काही बोलायची गरज नाही. त्या नाही म्हणाल्या तर? खोलीत गोण्या आहेत म्हणाल्या तर? तर शेवंताने स्टुलावर बसून राहायचं.

ते जमेल का शेवंताला? मुलगी भित्री होती. आणि बकुळाबाईंनी तिलाही, तू कुणीतरी शिकवून पाठवलेली, असं म्हटलं तर मग काहीच उरणार नव्हतं. नलूला हेही टाळता येईना, की हा सगळा बेतही आपणच आखतोय, पुन्हा एकदा, बाईंना न विचारता. पण या वेळी निदान दार बंद करायचा बेत नव्हता.

सासरे डॉक्टर होते, त्यांच्या वेळेपासून घरात फोन होता. बाहेरच्या खोलीत राजलक्ष्मीबाईंनी विणलेलं फडकं पांघरून तो ठेवलेला असे. रविवारी या वेळी मीराबाई मुलींची प्रार्थना आटोपून कचेरीत येतात, हे नलूला आश्रमातल्या दिवसांपासून माहीत होतं. आतून रमाकांतचा खोकल्याचा आवाज आला. ती थबकली, कान दिला. एकदाच खोकला होता, पाणी पिताना ठसका लागल्यासारखा. सासूबाई त्याला काहीतरी रागावत होत्या.

नलूने बोटांना लागलेला मसाला ओल्या फडक्याने नीट पुसला आणि नायगावला फोन लावायला बाहेरच्या खोलीत गेली.